एका धूमकेतूचा हजेरीपट



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून मला दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. पहिला असा की, युनियनच्या माणसाला धूमकेतूशी काय कर्तव्य? आणि दुसरा, धूमकेतू दिसणे खरोखरच अशुभ असते काय? पहिल्याचे उत्तर व्याख्यान ऐकता ऐकता आपणांस मिळेल. दुसऱ्याचे आरंभीच देऊन टाकतो, कारण त्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

शिवछत्रपतींचे देहावसान ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले. त्या दिवशी पृथ्वी कापली, उल्का पडल्या, गगनात धूमकेतू उगवला असे सभासद आपल्या बखरीत सांगतो. आता वेधांची नोंद पाहू. १६८० साली एक प्रचंड धूमकेतू दिसला होता हे अगदी खरे. जर्मनीत गॉटफ्रीड किर्ख याने तो दुर्बिणीतून प्रथम पाहिला आणि पुढे न्यूटनने त्याच्या वेधांवर आपले गणित पारखून घेतले. परंतु किर्खला तो दिसला नोव्हेंबरात. महाराज जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. सभासदाने बखर लिहिली ती जिंजीस, राजाराममहाराजांच्या काळी, सुमारे १६९७ साली. मधल्या सतरा वर्षांत ते सबंध वर्षच लोकांच्या मनात काळे होऊन राहिले असावे आणि नोव्हेंबरातला धूमकेतू एप्रिलात जाऊन बसला असावा, असा माझा तर्क आहे. यात सभासदाला खोटे पाडण्याचा हेतू नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला त्या घरच्या आठवणींच्या तारखा कोणी तपासू नयेत. पण बखर हा पुरावा म्हणून पुढे करावयाचा झाला तर तारीख पाहावीच लागते.

आपल्याकडे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात. शेंडी असलेले नक्षत्र. आमच्या हेदवीला जुनी माणसे हाच शब्द वापरीत. जुन्या ग्रंथांत त्याला केतू म्हटले आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहिता लिहिली, तिच्यात केतुचार नावाचा सबंध अध्याय आहे. त्या अध्यायाच्या आरंभीच तो स्वच्छ सांगतो की, केतूचे उगवणे आणि मावळणे गणिताने कळणे शक्य नाही. एवढा मोठा गणिती. ग्रहांची गणिते हाताच्या बोटांवर असलेला. पण येथे त्याने हात टेकले आणि तसे लिहूनही ठेवले. मला त्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटते. त्याच ठिकाणी तो पूर्वाचार्यांची मतेही देतो. कोणी म्हणतात केतू एकशे एक आहेत, कोणी म्हणतात हजार आहेत, आणि नारदमुनी म्हणतात केतू एकच आहे, तो अनेक रूपे घेऊन येतो. हे शेवटचे मत आपण ध्यानात ठेवावे. सगळ्या केतूंच्या बाबतीत ते खरे नाही. पण एका केतूच्या बाबतीत ते कसे अक्षरशः खरे ठरले, तीच आजची हकीकत आहे.

तो धूमकेतू म्हणजे एंकेचा धूमकेतू. हॅलेचा धूमकेतू शहात्तर वर्षांनी येतो, म्हणून तो माणसाला आयुष्यात एकदा, फार भाग्य असेल तर दोनदा दिसतो. एंकेचा धूमकेतू तीन वर्षे आणि सुमारे साडेतीन महिने एवढ्यात सूर्याभोवती फेरी संपवतो. गुरूच्या कक्षेपलीकडे तो कधी जातच नाही. दूरच्या टोकाला असतो तेव्हा पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे त्याच्या चौपटीहून किंचित जास्त अंतरावर, आणि जवळच्या टोकाला आला की पृथ्वीच्या अंतराच्या एक तृतीयांशावर, म्हणजे बुधाच्याही आत. शेजारच्या आळीतला पाहुणाच म्हणा. तरीही १७८६ पूर्वी त्याला कोणी पाहिल्याची खात्रीची नोंद सापडत नाही, हे एक कोडेच आहे.

१७ जानेवारी १७८६ रोजी पॅरिसमध्ये पिएर मेशँ याला एक पुसट धूमकेतू दिसला. दोन रात्रींचे वेध मिळाले आणि तो हरवला. दोन वेधांवरून कक्षा निघत नाही, निदान तीन लागतात. नोंद पडून राहिली.

७ नोव्हेंबर १७९५ रोजी इंग्लंडात कॅरोलिन हर्शेल या बाईंना एक धूमकेतू दिसला. या बाईंविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. त्यांचा जन्म हॅनोव्हरचा, १७५० सालचा. लहानपणी तापाने वाढ खुंटली आणि उंची सव्वाचार फुटांच्या आसपासच राहिली. भाऊ विल्यम इंग्लंडात संगीतशिक्षक होता, त्याच्याकडे त्या गेल्या. भावाने संगीत सोडून दुर्बिणी धरल्या तेव्हा यांनीही गाणे सोडले. रात्र रात्र त्याने पाहावे आणि यांनी आकडे टिपून घ्यावेत, दिवसा त्यांचे गणित करावे, आणि घरही चालवावे. भावाला राजाकडून वर्षाला दोनशे पौंड मिळत. १७८७ पासून बहिणीला भावाची मदतनीस म्हणून वर्षाला पन्नास पौंड मिळू लागले. शास्त्राच्या कामासाठी नियमित पगार मिळालेली ही पहिली स्त्री असे मानतात. पगार भावाच्या चौथाईने होता हे मी युनियनचा माणूस म्हणून नमूद करतो. पण आपल्या मनाप्रमाणे खर्च करता येईल असा आयुष्यातला हा पहिलाच पैसा, असे त्यांनी स्वतः आठवणींत लिहून ठेवले आहे. तेव्हा त्यांचे वय सदतीस होते. त्यांनी एकंदर आठ धूमकेतू शोधले, त्यांतला हा एक. तोही काही दिवसांनी हरवला.

पुढे १८०५च्या ऑक्टोबरात मार्से, पॅरिस आणि जर्मनीतील फ्रँकफुर्ट अशा तीन ठिकाणी तिघांना एक धूमकेतू दिसला. त्यांतल्या मार्सेच्या माणसाला २६ नोव्हेंबर १८१८ रोजी पुन्हा एक दिसला. या माणसाचे नाव जाँ-लुई पाँस.

पाँस १७६१ साली गरीब घरात जन्मला. शाळा बेताचीच. १७८९ साली, फ्रान्समध्ये क्रांती झाली त्याच वर्षी, तो मार्सेच्या वेधशाळेत कामाला लागला. कोणत्या जागेवर? दरवान म्हणून. किल्ल्या सांभाळाव्यात, दार उघडावे, झाकावे. तेथल्या ज्योतिष्यांनी त्याला दुर्बीण कशी लावावी ते शिकवले, ही त्यांची सज्जनता. बाकीचे तो आपल्या डोळ्यांनी शिकला. त्याने स्वतः दुर्बीण बनवली, आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसेल अशी, आणि कोणत्या ठिकाणी कोणता पुसट ठिपका रोजचा आहे हे त्याला पाठ झाले. रोजचा नसलेला ठिपका दिसला की तो धूमकेतू. गिरणीच्या खात्यात चाळीस मागांच्या गोंगाटात एका मागाचा बिघडलेला आवाज जो जुना जॉबर ओळखतो, त्याची आणि पाँसची विद्या एकच.

फोन त्साख नावाचा एक बडा ज्योतिषी होता. पाँसने त्याला धूमकेतू शोधण्याची युक्ती विचारली तेव्हा त्याने थट्टेने सांगितले, सूर्यावर मोठे डाग दिसले की शोधावे. पाँसने ते मनावर घेतले, आणि पुढे डाग दिसल्यावर खरेच धूमकेतू सापडला म्हणून आभाराचे पत्र लिहिले, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट सांगून लोक पाँसला हसत आले आहेत. मी हसत नाही. त्या माणसाने एकंदर सदतीस धूमकेतू शोधले. एका माणसाने नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून इतके धूमकेतू शोधल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही.

आता गणित करणारा. योहान फ्रान्झ एंके, जन्म हॅम्बुर्ग, १७९१, धर्मोपदेशकाचा मुलगा, प्रख्यात गणिती गाउस याचा शिष्य. मध्ये नेपोलियनशी लढाया झाल्या तेव्हा हा तोफखान्यात होता. गोथाजवळच्या झेबर्ग वेधशाळेत नोकरी करीत असता त्याने पाँसच्या नव्या धूमकेतूची कक्षा काढावयास घेतली. चालू रीतीने ती जमेना. म्हणून त्याने लांबट वर्तुळाची, परत येणारी कक्षा धरली आणि उत्तर आले साडेतीन वर्षांच्या आत. इतक्या लवकर परत येणारा धूमकेतू कोणी ऐकला नव्हता. त्याने मागच्या नोंदी काढल्या.

हिशेब आपण येथेच करून पाहू, सोपा आहे. हा धूमकेतू सूर्याला सर्वांत जवळ आला ते दिवस असे: जानेवारी १७८६ची अखेर, डिसेंबर १७९५, नोव्हेंबर १८०५, जानेवारी १८१९ची अखेर. पहिल्या दोहोंत जवळजवळ नऊ वर्षे अकरा महिने, तिनाने भागा. पुढच्या दोहोंतही तेवढेच, तिनाने भागा. शेवटच्या दोहोंत तेरा वर्षे दोन महिने, चाराने भागा. तिन्ही वेळा उत्तर तेच येते, तीन वर्षे आणि साडेतीन महिन्यांच्या आगेमागे. मेशँचा, कॅरोलिनबाईंचा, १८०५ मधल्या तिघांचा आणि पाँसचा, हे चार धूमकेतू नव्हतेच. एकच होता. मधल्या फेऱ्यांत तो आला होता आणि कोणाला न दिसता गेला होता. एंकेला अर्थात एवढा भागाकार पुरला नाही. गुरू वगैरे ग्रहांची ओढ दर फेरीला वजा-जमा करीत, लॉगरिथमची कोष्टके हाती धरून, त्याने हे सिद्ध केले आणि पुढची तारीख जाहीर केली, मे १८२२.

तारखेप्रमाणे धूमकेतू आला, पण युरोपातून दिसला नाही. तो त्या वेळी दक्षिणेकडे होता. २ जून १८२२ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॅरामाटा येथे तो सापडला, एंकेने सांगितलेल्या जागी. ती वेधशाळा गव्हर्नर ब्रिस्बेन यांची. काम करणारे दोघे मदतनीस, रुम्कर आणि डनलॉप. रुम्कर पूर्वी आरमारात नौकानयन शिकवीत असे. डनलॉप हा स्कॉटलंडमधल्या विणकराचा मुलगा, सुताच्या कारखान्यात काम केलेला. हॅलेच्या धूमकेतूनंतर भाकीत करून परत आलेला हा दुसराच धूमकेतू. वराहमिहिराने जे अशक्य म्हणून सोडले होते ते आता दर सव्वातीन वर्षांनी होऊ लागले.

धूमकेतूला नाव एंकेचे पडले. पाहिला एकाने, किंबहुना पाचजणांनी, आणि नाव हिशेबनिसाचे, असे कोणास वाटेल. आम्हां कामगारांना हा अनुभव नवा नाही. मी तरुणपणी ज्या कारखान्यात होतो, त्याचे नाव घेत नाही, तेथे एका ऑइलमनने नुसत्या आवाजावरून एका यंत्राचे दुखणे ओळखले आणि मोठे नुकसान टळले. महिन्याभराने नोटीस बोर्डावर अभिनंदन लागले ते खात्याच्या अधिकाऱ्याचे. त्या अधिकाऱ्याने तो कागद काढून टाकला नाही. एंकेचे वेगळे होते. सारे जग एंकेचा धूमकेतू म्हणत असता तो स्वतः जन्मभर पाँसचा धूमकेतू असेच लिहीत राहिला. आणि पाँसचेही बरे झाले. दरवान होता तो त्याच वेधशाळेत सहायक संचालक झाला, पुढे इटलीत लुक्काजवळच्या वेधशाळेचा आणि नंतर फ्लॉरेन्सला प्रमुख झाला, आणि १८३१ साली तेथेच वारला.

येथपर्यंतची गोष्ट बहुतेक पुस्तकांत असते. मला अधिक रस आहे तो पुढच्या भांडणात, कारण ते अडीच तासांचे भांडण आहे.

आमच्या हेदवीला समुद्रकाठी खडकात एक अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचे पाणी तिच्यात शिरले की कोंडून उंच उसळते. ते पाहावयास येणारे पाहुणे पुष्कळदा ओहोटीच्या वेळी येतात आणि खडक पाहून परत जातात. गावचा माणूस चुकत नाही, कारण त्याच्याजवळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब कामापुरता बरोबर येतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तर कोणी भांडत नाही. एंकेचे तसे नव्हते. त्याच्या हिशेबात सर्व ग्रह धरलेले होते, तरी धूमकेतू दर फेरीला सुमारे अडीच तास लवकर येई. बाराशे दिवसांत अडीच तास! दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. एंकेने सोडले नाही. आकडा खरा आहे आणि त्याला कारण आहे, असे त्याने धरून ठेवले.

कारण त्याने असे दिले की, अवकाशात काहीतरी विरळ द्रव्य भरलेले आहे आणि त्यातून जाताना धूमकेतूला अडथळा होतो. येथे आपण विचाराल, अडथळा झाला तर उशीर व्हावा, लवकर कसा येईल? शंका बरोबर आहे. पण सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूचा वेग मोडला की ती सूर्याकडे ओढली जाते आणि तिची वाट आखूड होते. शर्यतीत बाहेरच्या फेरीने धावणारा दमून आतल्या फेरीत शिरला तर त्याची फेरी लवकर पुरी होते, तसे. ग्रह जड, त्यांना हा अडथळा जाणवत नाही. धूमकेतू हलका, त्याला जाणवतो, असे एंकेचे म्हणणे. १८६५ साली मरेपर्यंत तो या मतावर ठाम राहिला. बेसेल या दुसऱ्या थोर ज्योतिष्याने १८३६ साली वेगळी दिशा दाखवली होती: हॅलेच्या धूमकेतूतून वाफेचे फवारे निघताना त्याने पाहिले होते आणि फवाऱ्याच्या धक्क्याने वाट बदलत असावी असे तो म्हणाला. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. मग एंकेच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत धूमकेतूची घाई कमी होऊ लागली. अडथळ्याचे द्रव्य असेल तर ते एकाएकी कमी कसे झाले? इतर धूमकेतू तर उशिराही येताना आढळले. एंकेचा आकडा टिकला, कारण टिकेना.

उत्तर मिळाले १९५० साली. अमेरिकेतील फ्रेड व्हिपल याने एंकेच्याच धूमकेतूवर निबंध लिहून सांगितले की, धूमकेतूचे गाभ्याचे डोके म्हणजे धूळमातीने मळलेला बर्फाचा गोळा आहे. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि ती जोराने बाहेर सुटते. गोळ्याला उलट दिशेने धक्का बसतो. पण गोळा स्वतःभोवती फिरतो आहे. आपल्याकडे वैशाखात सूर्य बाराला माथ्यावर येतो, पण खरा उकाडा होतो दोन-अडीचला. तसेच तेथेही, फवारा सर्वांत जोराचा सुटतो तो त्या गोळ्याच्या तिसऱ्या प्रहरी. म्हणून धक्का सरळ सूर्यापासून दूर न बसता किंचित तिरका बसतो. गोळा एका बाजूने फिरत असेल तर त्या तिरकेपणाने वेग वाढतो, उलट फिरत असेल तर मोडतो. एंकेच्या धूमकेतूचा मोडतो, म्हणून तो लवकर येतो. गोळ्याचा आस हळूहळू कलतो, म्हणून ही घाई कमीजास्त होते. बेसेलचे म्हणणे शंभराहून अधिक वर्षांनी खरे ठरले. कोणाच्या एका वाक्याला न्याय मिळायला इतका काळ लागला हे पाहून कोर्टातल्या तारखांना कंटाळलेल्या आमच्या सभासदांना जरा धीर यावा.

हा गोळा फार मोठा नाही. व्यास पाच किलोमीटरच्या आतबाहेर, आणि रंगाने कोळशासारखा काळा. १९८० साली रडारच्या लहरी त्याच्यावर आपटून परत आल्या. रडारने टिपलेला हा पहिला धूमकेतू. २००२ साली अमेरिकेने काँटूर नावाचे यान त्याच्या भेटीसाठी सोडले होते, ते पृथ्वीची कक्षा सोडतानाच, ऑगस्टमध्ये, फुटून नष्ट झाले. २० एप्रिल २००७ रोजी सूर्यावरून आलेल्या झोताने त्याची शेपटी तुटून वेगळी झाली ती स्टीरिओ यानाने टिपली. काही दिवसांत नवी शेपटी धरली.

१८१८ पासून हा धूमकेतू जवळजवळ प्रत्येक फेरीला कोणी ना कोणी टिपला आहे. खाडा एकच, १९४४ सालचा. त्या वर्षी जागा अवघड होती आणि जगात महायुद्ध पेटलेले होते. मस्टरवर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागली, पण कामावर तो आलेला होता; हजेरी घेणारे दुसरीकडे गुंतले होते.

हे सर्व युरोपचे झाले, आपल्याकडे काय, असे म्हणणाऱ्यांसाठी आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले एक नाव सांगतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, गाव दापोलीजवळचे मुरूड. मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि जन्मभर शाळामास्तर. नोकरी सांभाळून त्यांनी भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास लिहिला, तो १८९६ साली मराठीत प्रसिद्ध झाला. वराहमिहिर कोण, त्याच्या आधी कोण, कोणत्या ग्रंथातला कोणता आकडा कोणाचा, हे त्यांनी एकेक तपासून ज्याचे त्याच्या नावावर घातले. त्याच वर्षी सूएल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर भारतीय कालगणनेवर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि त्यावर दोघांचीही नावे आहेत. दोन वर्षांनी, १८९८ साली, ते वारले. वय पंचेचाळीसही नव्हते. पाँस दरवान होता आणि दीक्षित मास्तर; दोघांनाही महिनाअखेरीस पगारपत्रकावर सही करावी लागत होती.

शेवटी पाहण्याविषयी, कारण व्याख्यान संपल्यावर हे कोणी तरी विचारतेच. या धूमकेतूने शतकानुशतके वाटेत सांडलेली धूळ दरवर्षी पृथ्वीच्या आड येते. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, मध्यरात्री कृत्तिकांच्या आसपासच्या आकाशातून संथ चालीने जाणाऱ्या, तांबूस, कधी कधी फार तेजस्वी उल्का दिसतात, त्या त्याच्याच. १९०८ साली सैबेरियात तुंगुस्का येथे जो स्फोट होऊन जंगल आडवे झाले तोही याच धुळीतला एक मोठा तुकडा असावा, असे १९७८ साली क्रेसाक या ज्योतिष्याने सुचवले. सिद्ध झालेले नाही.

खुद्द धूमकेतू ऑक्टोबर २०२३ मध्ये सूर्याजवळून गेला. त्यानंतरची त्याची तारीख फेब्रुवारी २०२७. त्या जानेवारीच्या अखेरीस सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे, मोकळ्या समुद्रावर, दिवे नसतील अशा ठिकाणी, चांगली द्विनेत्री घेऊन शोधावा लागेल. लांब शेपटीची अपेक्षा ठेवू नये. कापसाच्या बोळ्यासारखा एक पुसट ठिपका असतो, पाँसला दिसला होता तसाच.